हात लावू नये

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर कामाला आहे. शाळा दहावीपर्यंत, बाकीचं वाचन रद्दीच्या दुकानातलं. इतिहास लिहिणं हा आपला धंदा नव्हे. पण ज्यांचा तो धंदा आहे त्यांनी काचेच्या कपाटात काय मांडून ठेवलंय ते मध्यंतरी बघून आलो आणि नंतर आठवडाभर रातपाळीला तेच डोक्यात फिरत राहिलं. म्हणून लिहितो. चुकलं असेल तर जाणत्यांनी सांगावं, पण कुठं चुकलं ते दाखवून सांगावं.

साप्ताहिक सुट्टीला एक रजा जोडून मुंबईला आत्याकडे गेलो होतो. आत्या आता सदुसष्ट वर्षांची. १९८१ साली एका ऑफिसात क्लार्क-टायपिस्ट म्हणून लागली आणि २०१६ साली तिथूनच रिटायर झाली. गुडघे धरतात, तरी तिला घरात बसवत नाही. तिनंच कुठंतरी ऐकलं होतं की एका संग्रहालयात जुन्या यंत्रांचं दालन उघडलंय आणि त्यात टाईपरायटर ठेवलेत. म्हणाली, "चल रे, आमची मशीनं म्युझियममध्ये गेली म्हणतात. बघून येऊ कशी ठेवलीत ती."

गेलो. दालनात एसी. आमच्या खात्यात बारा महिने उकाडा आणि ओल, धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, आणि इथं रिटायर झालेल्या मशीनांना गारवा. चावी फिरवायचा ग्रामोफोन होता. काळा जाडजूड टेलिफोन होता. तारऑफिसातली कट्ट-कडकट्ट वाजायची ती कळ होती. आपल्या देशातली तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी कायमची बंद झाली, तेव्हा ती कळ आता इथंच शोभणार. मग एका कपाटात गिरणीतला धोटा. पुढे ओळीनं सहा टाईपरायटर. आणि शेवटी कोपऱ्यात सायक्लोस्टाईलचं मशीन, ड्रम पुसून लख्ख केलेला. प्रत्येकाखाली एक कार्ड. त्यावर नाव, कंपनी, देश, साल. आणि जिकडेतिकडे एकच पाटी : हात लावू नये.

मी धोट्यापाशी थांबलो. आत्या पुढं गेली नाही, तीही थांबली.

ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा हा लाकडाचा, बोटीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या. पोटात सुताची कांडी. मागावर उभा ताणा लावलेला असतो, त्यातून हा धोटा डावीउजवीकडं धावतो आणि आडवा बाणा भरत जातो. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा. जुन्या धोट्यांवर हे काम तोंडानं होई. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, धागा फटकन बाहेर. दिवसातून शेकडो वेळा. कापसाची पूड फुप्फुसात जायची ती वेगळीच.

आता एका मागावर दोन पाळ्यांत दोन माणसं. म्हणजे एकाच धोट्याला दोघांचे ओठ. इथंच गाडं अडायचं. आमच्या माणसाचा ओठ लागलेल्या धोट्याला दुसऱ्यानं ओठ कसा लावायचा? म्हणून मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्याची, म्हणजे कापड विणायच्या खात्याची दारं आमच्या माणसांना बंद होती. आणि विणकराची कमाई कातणाऱ्यापेक्षा जास्त. रिंगखातं, त्रासनखातं आमच्या वाट्याला. सूत आम्ही कातायचं, त्या सुताला विटाळ नाही. तेच सूत धोट्यात गेलं की विटाळ. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता की साचेखात्यात आमच्या माणसांना काम मिळालं पाहिजे. कामगारांची एकजूट म्हणता, तर ती धोट्यापाशी का अडते, हा साधा सवाल होता.

माझा पणजा त्रासनखात्यात होता. आजा त्याच खात्यात. मी आज वेगळ्या जिल्ह्यात, वेगळ्या गिरणीत आहे, पण रिंगवरच. मशीनं बदलली, तोंडानं धागा ओढायचे धोटे गेले, आता बिनधोट्याचे माग आले. कार्डावर लिहिलं होतं : "धोटा. लाकूड, पोलाद." बस्स. ओठ कुणाचे लागले आणि कुणाचे लागू दिले नाहीत याला कार्डावर जागा नव्हती.

आत्या पाटीकडं बघून म्हणाली, "ही पाटी आधी गिरणीतच होती रे. नुसती लिहून लावलेली नव्हती, एवढंच."

तिथून आम्ही टाईपरायटरकडं आलो.

टाईपरायटरचा इतिहास मी नंतर जमेल तसा वाचून काढला. अमेरिकेत मिलवॉकी नावाचं शहर आहे. तिथं ख्रिस्तोफर शोल्स नावाचा माणूस होता, मुळात छापखान्यातला आणि वर्तमानपत्रातला. त्यानं दोन साथीदारांबरोबर १८६८ साली लिहिण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्र करायला हवा होता कारखाना. तो मिळाला बंदुकवाल्यांचा. न्यूयॉर्क राज्यात इलियन गावी रेमिंग्टन कंपनी होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिनं बंदुका विकल्या. १८६५ साली युद्ध संपलं, बंदुकांचा खप उतरला, तेव्हा कंपनी शिलाई मशीन करू लागली. १८७३ साली तिनं हे लिहिण्याचं यंत्र करायला घेतलं आणि १८७४ साली ते बाजारात आलं. शिलाई मशीनच्या खात्यातल्याच लोकांनी ते बनवलं, त्यामुळं ते दिसायलाही तसंच होतं. खाली लोखंडी स्टँड, अंगावर रंगवलेली फुलं, आणि ओळ संपली की गाडी मागं आणायला पायात पायटा. किंमत सव्वाशे डॉलर. अक्षरं फक्त कॅपिटल. आणि गंमत म्हणजे टाईप करणाऱ्याला आपण काय टाईप केलं ते दिसतच नसे. अक्षर कागदाच्या खालच्या अंगाला उमटे. गाडी वर उचलून बघावं लागे. १८७८ साली रेमिंग्टन नंबर दोन आलं, त्यात लहानमोठी दोन्ही अक्षरं. डोळ्यासमोर अक्षर उमटणारी यंत्रं खऱ्या अर्थानं चालू लागली ती १८९० नंतर, अंडरवुडची. इंग्रजी कळांची जी मांडणी तेव्हा बसली तीच आज आपल्या मोबाईलवर आहे.

हे सगळं कार्डावरही थोडक्यात होतं. एक गोष्ट नव्हती. इंग्रजीत सुरुवातीला टाईपरायटर हा शब्द दोन अर्थांनी वापरत. एक ते यंत्र. दुसरा अर्थ ते चालवणारी बाई. शोल्सची स्वतःची मुलगी त्या यंत्रापुढं बसलेली आहे असा १८७२ सालचा फोटो आहे. पगार पुरुषापेक्षा कमी देता येतो हे ऑफिसवाल्यांना कळलं आणि या कामावर बाया भरल्या. यंत्राला आणि बाईला एकच नाव. पुढं बाईला टायपिस्ट म्हणू लागले आणि टाईपरायटर हे नाव यंत्राकडं राहिलं. आज काचेच्या कपाटात यंत्र आहे. बाई कुठाय?

बाई माझ्या शेजारी उभी होती. काचेला नाक लावून बघत होती. सहातलं चौथं मशीन मराठी होतं. तिचे दोन्ही हात आपोआप वर आले आणि काचेवर बोटं ठरल्या जागी पडली. डाव्या हाताची चार, उजव्या हाताची चार, अंगठा खाली. लगेच वॉचमन आला. "मॅडम, हात लावू नका." आत्यानं हात काढला आणि म्हणाली, "बाबा, मला आयुष्यभर पगार हात लावायचाच मिळाला." तो बिचारा हसला. कंत्राटावरचा पोरगा, माझ्याच वयाचा.

मग तिथं बाकावर बसून तिनं मला मराठी मशीन समजावलं. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं म्हणून सविस्तर देतो.

इंग्रजीला सव्वीस अक्षरं. आपल्याला बाराखडी, जोडाक्षरं, रफार, अनुस्वार. आणि मशीन तेच, कळा तेवढ्याच. प्रत्येक कळीवर दोन अक्षरं धरली तरी सगळं मावत नाही. मग तोड काढली ती अशी. बरीच अक्षरं पूर्ण द्यायचीच नाहीत. भ, ध, थ, घ यांची फक्त अर्धी रूपं द्यायची आणि काना वेगळा द्यायचा. 'भ' पाहिजे तर आधी अर्धा भ मारायचा, मग काना. 'भाकर' लिहायचं तर अर्धा भ, काना, परत काना, मग क, मग र. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती कागदावर आधी येते. मात्रा आणि अनुस्वाराच्या कळा दाबल्या तर गाडी पुढं सरकत नाही, आहे त्याच जागी ते चिन्ह बसतं. म्हणजे बोलताना जो क्रम तो हाताला नाही. हाताचा क्रम वेगळा शिकावा लागतो. कॉम्प्युटर आले तरी कृतिदेवसारख्या फाँटमध्ये हीच मांडणी चालू राहिली, कारण लाखो बोटांना तीच सवय होती. यंत्र मेलं पण त्याची चाल बोटांत राहिली.

आणखी एक गोष्ट मला स्वतःला दिसली. मशीनच्या दोन चकत्यांमध्ये रिबन ताणलेली होती, वाळून खडखडीत झालेली. बाकीचे लोक पितळ आणि पोलाद बघत होते, मी रिबन बघत होतो. कारण ती कापडाची होती. सुती, बारीक सुताची, गच्च विणीची. अक्षर ठशात असतं हे खरं, पण शाई धरून ठेवते ती रिबन. सगळे हुकूम, नेमणुका, बडतर्फ्या या सुतावरून कागदावर गेल्या. ते सूत कुठल्यातरी रिंगखात्यात कुणीतरी कातलं होतं. पुढं नायलॉनच्या रिबनी आल्या, पण हे मशीन सुती रिबनचं होतं. त्याच्या कार्डावर लिहिलं होतं : पोलाद, रबर, पितळ. सूत लिहायला विसरले.

आत्या टायपिंग शिकली १९७६ साली. परळला एका माडीवर क्लास होता. बारा मशीनं, तासातासाच्या बॅचेस, समोर भिंतीवर कळांचा तक्ता आणि मशीनवरची अक्षरं झाकलेली. खाली बघायचं नाही. आजाच्या पगारातून फी जायची आणि त्यावरून घरात भांडण व्हायचं. पोरीला मशीन कशाला, असं आजी म्हणायची. आत्या सांगते, "त्या क्लासात पहिल्यांदा मला बरं वाटलं. माझ्या आधी त्या स्टुलावर कोण बसलं होतं, माझ्यानंतर कोण बसणार, कुणी विचारत नव्हतं. कळ दाबायला थुंकी लागत नाही ना." तीस शब्दांची परीक्षा पास झाली, मग चाळीसची. राखीव जागेवर नोकरी लागली. आमच्या घराण्यात शाईचा पगार घेणारी पहिली व्यक्ती ती.

म्हणजे धोट्याला हात लावू दिला नाही, या मशीनला लावू दिला. हे मी कमी मानत नाही. कुणी मानू नये. पण हात आपला असला तरी शब्द आपला नव्हता. सायबानं सांगायचं, हिनं मारायचं. टायपिस्टनं मजकूर वाचायचा नसतो, नुसता उतरवायचा असतो, असं तिला पहिल्याच दिवशी हेडक्लार्कनं सांगितलं होतं. कुणाला प्रमोशन, कुणाला मेमो, कुणाची बदली. खाली सही सायबाची. डाव्या कोपऱ्यात सायबाच्या नावाची अक्षरं आणि तिरप्या रेघेनंतर हिच्या नावाची दोन अक्षरं. एवढीच तिची हजेरी.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आजा त्यात होता. वर्ष गेलं. घर आत्याच्या पगारावर चाललं. १९८३ साली एक दिवस आजाच्या नावानं रजिस्टर पाकीट आलं. आत इंग्रजी टाईप केलेला कागद. आजाला मराठी अक्षर कसंबसं लागायचं, इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. त्यानं कागद आत्याच्या हातात दिला. "बघ गं, काय लिवलंय त्यात."

आत्यानं मला हे बाकावर बसून सांगितलं, यंत्रांकडं बघत. याआधी कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "वाचायच्या आधीच मला दिसलं की मशीनचा टाईप साफ केलेला नाही. इंग्रजी 'ई'चं पोट शाईनं भरलेलं होतं. काठापाशी दोन ओळी तिरक्या गेल्या होत्या. नाव आणि बिल्ला नंबर मागाहून घातलेला, त्याची शाई वेगळी. म्हणजे मजकूर एकच, गठ्ठ्यानं काढलेला, आणि नावं नंतर भरलेली. मला एकदम ती पोरगी दिसली. माझ्यासारखीच कुणीतरी, दिवसभर नावं भरत बसलेली. तिला टाईप साफ करायलाही उसंत दिली नसेल. आणि मग मी वाचलं. बापाचं नाव हजेरीपटावरून काढलंय."

"मग तू त्याला काय सांगितलंस?"

"जे होतं ते. उतरवायचं आणि सांगायचं, मला तेवढंच येत होतं."

आजा नंतर गावी आला तो परत गेला नाही. माझा बाप त्याच्याबरोबर आला. आत्या नोकरीसाठी मुंबईत राहिली. म्हणून आज मी गावाकडच्या सूतगिरणीत आहे. एका टाईप केलेल्या कागदावरून तीन माणसांची आयुष्यं कुठून कुठं गेली. इतिहासाच्या पुस्तकात हे टाईपरायटरच्या प्रकरणात येत नाही, संपाच्या प्रकरणात येतं. आलंच तर.

आता कोपऱ्यातल्या त्या शेवटच्या मशीनकडं येतो. सायक्लोस्टाईल. या मशीनला आपण नमस्कार केला पाहिजे.

हेही ऑफिसासाठीच निघालेलं यंत्र. एका पत्राच्या पन्नास नकला पाहिजेत तर काय करायचं, हा व्यापाऱ्यांचा प्रश्न होता. अमेरिकेत एडिसननं १८७६ साली विजेवर टोचणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं, कागदाला भोकं पाडून त्यातून शाई पाझरवायची अशी त्याची रीत. पुढं १८८७ साली शिकागोच्या ए. बी. डिक कंपनीनं एडिसनच्या नावावर मिमिओग्राफ विकायला काढलं. इकडं लंडनमध्ये डेव्हिड गेस्टेटनर नावाचा, जन्मानं हंगेरीचा माणूस. त्यानं १८८१ साली एक पेन केलं, त्याच्या टोकाला बारीक दातेरी चाक. मेणाच्या कागदावर लिहीत गेलं की चाक भोकांची ओळ पाडत जाई. सायक्लो म्हणजे चाक आणि स्टाईल म्हणजे टोकदार लेखणी. आपण ज्याला सायक्लोस्टाईल म्हणतो ते नाव त्या चाकाच्या पेनाचं आहे.

पुढं टाईपरायटरवर स्टेन्सिल कापायची पद्धत आली. रिबन बाजूला करायची खिटी मशीनला असते. रिबन हटवली की ठसा सरळ मेणाच्या कागदावर बसतो आणि अक्षराच्या आकाराची भेग पडते. स्टेन्सिल ड्रमवर चढवायची, आतून शाई, हँडल फिरवायचं, एक फेरा एक पान. खरबरीत, शाई पिणारा कागद लागतो. स्टेन्सिल कापणं हे नुसतं टायपिंग नव्हे. बोट जोरात पडलं की 'ठ'चं पोट, 'व'चं पोट गळून पडतं आणि छापताना तिथं काळा ठिपका येतो. हलकं पडलं की अक्षर उमटतच नाही. चुकलं तर लाल औषध लावायचं, फुंकर मारून वाळवायचं आणि त्यावर परत मारायचं. मग स्टेन्सिल उजेडासमोर धरून वाचायची. मजकूर दिव्याच्या उजेडात, कागदाच्या भेगांतून.

आणि हे मशीन आमच्या लोकांच्या हाती आलं. छापखान्याला खिळे जुळवणारा लागतो, मालक लागतो, आगाऊ पैसे लागतात आणि मालकाला मजकूर पटावा लागतो. सायक्लोस्टाईलला यातलं काही लागत नाही. मुंबईत १९५४ साली 'शब्द' नावाचा अंक असाच सायक्लोस्टाईलवर निघाला, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचा. साठीनंतर लघुअनियतकालिकांची रांग लागली. राजा ढाल्यांनी 'येरू', 'चक्रवर्ती' काढली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्या आधीची आणि नंतरची ती वर्षं म्हणजे कागदाची वर्षं. पत्रकं, अंक, सभेच्या चिठ्ठ्या. ज्यांना मोठ्या मासिकांच्या दारात कुणी उभं करत नव्हतं त्यांनी हँडल फिरवलं.

आत्याच्या चाळीत असाच एक अंक निघायचा. दोनशे प्रती, किंमत पन्नास पैसे, निघाला तर महिन्यानं, नाहीतर चार महिन्यांनी. सुरुवातीला मराठी मशीन मिळायचं नाही म्हणून आत्या लोखंडी टोकाच्या लेखणीनं हातानं स्टेन्सिल लिहायची, तिचं अक्षर चांगलं म्हणून. नोकरी लागल्यावर ऑफिसचं मराठी मशीन होतं. जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून, डबा न खाता ती स्टेन्सिल कापायची. पकडली असती तर नोकरी गेली असती, आणि संपाच्या काळात घर तिच्या एकटीच्या पगारावर होतं. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, "वाटायची की. पण खरं सांगू, त्या मशीनवर मी जे मारत होते ते पहिल्यांदा वाचत होते. त्या कवितांतले शब्द कधी त्या ऑफिसात उच्चारलेसुद्धा गेले नसतील. शिव्या होत्या, आमच्या वस्तीच्या होत्या. एकेक शिवी मारताना बोट अडायचं आणि मग हसू यायचं. हेडक्लार्क म्हणायचा टायपिस्टनं वाचू नये. मी वाचत होते आणि मारत होते." वापरून झालेल्या स्टेन्सिली ती चुलीत घालायची, पुरावा नको म्हणून.

त्यातला एक अंक तिच्या पेटीत अजून आहे. घरी आल्यावर तिनं दाखवला. कागद पिवळा पडलाय, अक्षरांभोवती शाईच्या तेलाची तांबूस कड आलीय, दोन-तीन ठिकाणी 'ठ' काळा झालाय. मी पहिलं पान बघितलं. शेवटचं बघितलं. कवींची नावं होती. संपादकाचं नाव होतं. मुखपृष्ठ काढणाऱ्याचं होतं. पत्ता होता, किंमत होती. आत्याचं नाव कुठंच नव्हतं.

मी गप्प झालो. कारण दुपारभर मी त्या संग्रहालयाच्या कार्डांना नावं ठेवत होतो. कंपनीचं नाव आहे, हाताचं नाही, म्हणत होतो. आणि इथं आमच्याच अंकावर, ज्यानं नाव नसलेल्यांना नाव द्यायचं म्हणून जन्म घेतला त्या अंकावर, कापणाऱ्या हाताचं नाव नाही. ऑफिसच्या कागदावर निदान तिरप्या रेघेपुढं तिची दोन अक्षरं असायची. आमच्या अंकानं तीही दिली नाहीत. मी विचारलं तर म्हणाली, "तेव्हा सुचलं नाही कुणाला. मलाही सुचलं नाही." ती रागावली नव्हती. राग मला आला होता आणि तो कुणावर काढायचा कळत नव्हतं, कारण मीही कविता लिहितो. माझ्या कविता गिरणीच्या गेटसमोर झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगी टाईप करून देते. तिचं नाव मी कधी विचारलेलं नाही.

बाबासाहेबांची एक हकिकत या संदर्भात सांगितली पाहिजे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिला. त्याचं टंकलेखन पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातल्या नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद या दोघांनी केलं. रत्तू दिवसा सरकारी नोकरी करायचे आणि नंतर बाबासाहेबांचं काम. तीच पानं पुन्हा पुन्हा टाईप करावी लागली. १९५६ साली बाबासाहेबांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली तेव्हा या दोघांची नावं, त्यांच्या गावांसकट, त्यात घातली आणि आभार मानले. मोबदल्याची आणि तब्येतीची पर्वा न करता रत्तूंनी काम केलं याची नोंद केली. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद रत्तूंकडून मागून जवळ ठेवून घेतले. सकाळी ते राहिले नव्हते. १९५७ साली ग्रंथ छापून आला, त्यात ती प्रस्तावना नव्हती. ती पुढं १९८० साली भगवान दास यांनी छापली. म्हणजे ज्या एका मोठ्या लेखकानं टायपिस्टचं नाव गावासकट लिहिलं, त्याचा तो मजकूर वाचकापर्यंत यायला वीसपेक्षा जास्त वर्षं लागली. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्यात, त्यात टाईपरायटरही आहे. तिथं जाणाऱ्यांनी तो बघताना रत्तूंचं नाव मनात घ्यावं.

आपल्याकडं टाईपरायटर बनायला लागला १९५५ साली, मुंबईत, गोदरेजच्या कारखान्यात. भारतात बनलेलं ते पहिलं टाईपरायटर. २००९ साली त्याचं उत्पादन थांबलं. सरकारी टायपिंगच्या परीक्षाही आता कॉम्प्युटरवर होतात. ज्या माडीवर आत्या शिकली ती चाळच राहिली नाही, तिथं टॉवर आहे. यंत्र जाणारच, त्याचं मला दुःख नाही. धोटा गेला ते बरंच झालं. पण यंत्र काचेत ठेवताना त्याला हात लावणारे आणि हात लावू न दिलेले दोन्ही लिहिले पाहिजेत. नाहीतर पुढच्या पोराला वाटेल की यंत्रं आपली आपण चालत होती.

निघताना दाराजवळ अभिप्रायाची वही होती. लोकांनी 'व्हेरी नाईस', 'सुंदर संग्रह' असं लिहिलं होतं. आत्यानं चष्मा लावला आणि उभ्यानंच लिहिलं : "चौथ्या क्रमांकाचे मराठी मशीन. रिबन सुकली आहे, बदलावी. टाईप ब्रशने साफ करावा, पोटे भरली आहेत. गाडीला तेल देऊ नये, धूळ धरते. मी असे मशीन चालवत होते." खाली पूर्ण नाव, आणि नावाखाली : क्लार्क-टायपिस्ट, १९८१ ते २०१६.

सुट्टी संपवून मी परत आलो. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि त्या मुलीला नाव विचारलं. तिला वाटलं बिलात काही चूक झाली. हा लेख तिनंच टाईप करून दिला आहे. तिची परवानगी घेऊन तिचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर पाठवतो आहे. संपादकांनी ते माझ्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात टाकावं. जागा कमी पडली तर माझं काढावं.